रंगाला हात न लावता

४ मार्च

मासोळी,

तू माझा नंबर बंद करून टाकलायस हे कळायला मला तीन दिवस लागले. आधी वाटलं, फोन पाण्यात पडला असेल. तुझं काय, दिवसभर तलावाच्या काठावर उभी राहून लोकांच्या पोरांना हातपाय मारायला शिकवतेस. मग स्टुडिओतल्या फोनवरून लावला, तर दुसऱ्या रिंगला उचललास आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. बरं. म्हणून पत्र. हस्ताक्षर बघून तू ते उघडशीलच, लहानपणापासून माझी पाकिटं फोडायची खोड आहे तुला. घराचा नवा पत्ता सांगायच्या आधीच तू उठून गेलीस, त्यामुळे तलावाच्या ऑफिसात पाठवतेय. तिथे कुणी आधी वाचलंच, तर त्यांना माझा नमस्कार सांग.

सहा वर्षांनी घरी आलीस आणि दोन तासही थांबली नाहीस. अठरा तासांचा बसचा प्रवास, आणि उठून लगेच परतीची बस. माणूस निदान चहा तरी संपवतं गं.

आईचा यात दोष नाही, एवढंच सांगायला लिहितेय. तिचं वय झालंय. चष्मा कपाळावर आणि घरभर शोधाशोध. तुला बघून म्हणाली, "बाई, तुम्ही चुकीच्या घरी आलात," ते वयामुळे. तू पलंगावर बसून तिचा हात उचललास, आपल्या डोक्यावर ठेवायला गेलीस, आणि तिने तो ओढून घेतला, तेही वयामुळेच. नंतर मला म्हणाली, "माझ्या धाकटीला बोलव गं, ही कोण आणलीस?" ते तू मनाला लावून घेऊ नकोस.

आणि मी स्वयंपाकघरात म्हणाले, की विग लावून आली असतीस तर ओळखलं असतं तिने. बोलून गेले. माझ्या जिभेला हाड नाही हे तुला नवीन आहे का? त्यावरून नंबर बंद करायचा म्हणजे जरा जास्तच झालं.

एक ओळ तरी लिही.

ताई


२२ मार्च

मासोळी,

उत्तर नाही. ठीक आहे, मी आपली लिहिते.

आज स्टुडिओत मोठा तमाशा झाला. मागच्या आठवड्यात एक वेल्डर ओळखपत्रासाठी फोटो काढून गेला होता. साधा माणूस, हनुवटीवर जुना व्रण, डाव्या कानापर्यंत गेलेला. मी सवयीने व्रण काढून टाकला, डोळ्यांखालचं काळं पुसलं, कातडी जरा उजळ केली. कुणीही खूश झालं असतं. तो आज परत आला आणि फोटो काउंटरवर आपटले. ऑफिसातल्या बाईने फोटो बघितला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे तुम्ही नाही." अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली त्याची. माझ्यासमोर उभा राहून म्हणतो, "बाई, माझा व्रण परत द्या."

मागे लॅमिनेशनची माणसं फिदीफिदी हसली. मीही हसले. मूळ फाइल काढली, जशी होती तशी छापून दिली. आमच्या धंद्यात मूळ फाइल कधी पुसत नाहीत, कितीही रंगरंगोटी करा. तो जाताना फोटोकडे बघून म्हणाला, "हां, हा मी." आणि मला एकदम बसावंसं वाटलं. खुर्चीत बसले ती दुपारपर्यंत उठलेच नाही.

तुला काहीतरी सांगायचंय. आज नाही जमणार. गिऱ्हाइकं आहेत.

ताई


३० मार्च

मासोळी,

गिऱ्हाइकं नव्हती. त्या दिवशी दुपारनंतर एक चिटपाखरू फिरकलं नाही. माझीच हिंमत होत नव्हती.

आता सरळ लिहिते, मध्ये थांबले तर पुन्हा आठवडा जाईल.

आईने तुला ओळखलं नाही ते वयामुळे नाही. ती चष्मा विसरते, औषधाची वेळ विसरते, तेवढंच. तुझा चेहरा ती विसरली नव्हती. तुझा चेहरा तिला मी कधी दाखवलाच नाही.

सहा वर्षांपूर्वी तू तिकडे नोकरीला गेलीस. चार महिन्यांत कानामागे नाण्याएवढी गुळगुळीत जागा झाली. तिचा तू हसत हसत मला फोटो काढून पाठवलास, आठवतं? लिहिलं होतंस, "ताई, इथे विमान उतरेल बघ." मग दुसरी जागा, मग तिसरी, मग सगळेच गेले. तू दर वाढदिवसाला फोटो पाठवायचीस आणि खाली लिहायचीस, "आईला दाखव." पहिल्या वर्षी मी केस भरले. काय कठीण आहे त्यात, दिवसभर तेच करते. आईचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हटलं तिला आत्ता कशाला. छापला, फ्रेममध्ये घातला, तिच्या पलंगासमोर लावला. ती म्हणाली, "बारीक झालीय पण छान दिसतेय." मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू.

पुढच्या वर्षी भुवया गेल्या. भुवयांत इंजेक्शनं घेतलीस, त्यांनी केस आले नाहीत, उलट फिकट ठिपके आणि खळगे तेवढे पडले. मी ठिपके भरले, वर भुवया काढल्या. तिसऱ्या वर्षी तुला ते लावायचं औषध दिलं होतं, त्याने डोक्याची कातडी जळून तपकिरी डाग राहिले. तेही गेले माझ्या हातून. मग डाव्या कानशिलावर पांढरा डाग आला. तू डॉक्टरांचं बोलणं मला जसंच्या तसं सांगितलंस, की ज्यांचे केस असे जातात त्यांच्यातल्या काहींच्या कातडीचा रंगही असाच जातो, अंगातलंच काहीतरी आधी केसांवर उठतं आणि मग रंगावर. मी फोनवर हूं हूं करत होते आणि समोर स्क्रीनवर तुझं कानशील रंगवत होते. एकदा चार केस परत आले, ते पांढरेशुभ्र. तुला केवढा आनंद झाला होता! मी ते काळे केले, वर आणखी हजार काढले. महिन्याभरात ते तुझे चार गेले, माझे हजार भिंतीवर राहिले.

व्हिडिओ कॉल मी करू दिला नाही. आईच्या डोळ्यांना स्क्रीन चालत नाही म्हणून सांगितलं. खोटं. तिला मी म्हटलं, तुझ्याकडे नेट चालत नाही. साध्या फोनवरही तिला धड ऐकू येत नाही असं तुला सांगून तुमचे निरोप मीच इकडचे तिकडे करायचे. तू दोनदा यायला निघालीस, दोन्ही वेळा मी आईच्या तब्येतीचं निमित्त काढलं. आणि या वेळी तू न विचारता तिकीट काढलंस, तेव्हा आदल्या दिवशी सगळ्या फ्रेमा काढून माझ्या कपाटात कोंबल्या आणि आईला सांगितलं, काचा बदलायला दिल्यात. भिंतीवर सहा खिळे होते. तू बघितलेस का? मला वाटतं बघितलेस.

तर ती तुला म्हणाली ना, "चुकीच्या घरी आलात"? तिच्या हिशोबाने बरोबरच म्हणाली. तिच्या धाकटीला खांद्यापर्यंत केस होते आणि चेहऱ्यावर एक डाग नव्हता.

येण्याआधी तू लिहिलं होतंस, "मला आता कशाचंच काही वाटत नाही ताई, फक्त आईने एकदा डोक्यावरून हात फिरवला पाहिजे." ते वाचूनही मी गप्प बसले. आणि वर विगचं बोलले.

आईसाठी केलं असं मी स्वतःला सांगत आले. आईसाठी नव्हतं गं. मलाच बघवत नव्हतं.

ताई


२१ एप्रिल

मासोळी,

आईला दाखवलं.

सहा वर्षांचे सहा फोटो, मूळ, जसे तू पाठवले होतेस तसे. मोठे छापले. एकदम सगळे द्यायची हिंमत झाली नाही, म्हणून दर दोन दिवसांनी एक. कानामागची जागा बघून म्हणाली, "अगंबाई, हे कधी झालं?" दुसऱ्याला चष्मा काढून पुसला. तिसऱ्याला, ज्यात डोक्यावर ते तपकिरी डाग आहेत, तिने कपाटातली जुनी फ्रेम मागितली. मग दोन्ही मांडीवर घेऊन बसली. तिची नजर मेली अजून चांगली आहे, कापडातला एक चुकलेला टाका लांबून दिसायचा तिला. दोन्हीकडे तोच शर्ट, तेच कानातलं, मागे तीच निळी भिंत.

मला म्हणाली, "हे तुझं काम?"

मी म्हटलं, "हो."

"किती वर्षं?"

"सहा."

"माझ्या पोरीचं तोंड पुसून तू मला दुसरीच कुणीतरी दिलीस," म्हणाली. आवाज चढवला नाही. तू ओळखतेस तिला, ओरडली की समजावं राग उतरत आलाय. "ती इथे बसली होती. माझा हात धरला होता तिने. आणि मी काढून घेतला."

मी काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाली, "तू स्टुडिओत जा."

चार दिवस माझ्याशी बोलली नाही. चहा ठेवला तर घ्यायची, कप परत द्यायची, तोंड भिंतीकडे. पाचव्या दिवशी म्हणाली, "राहिलेले आण." शेवटचा फोटो, गेल्या वर्षीचा, तलावाच्या काठावरचा, तो तिने बराच वेळ सोडला नाही. टोपीमुळे कपाळावर रेघ पडलीय, रेघेच्या खाली उन्हाने काळवंडलेलं, वर फिकट, आणि डावीकडे कानशिलापासून मानेपर्यंत पांढरं, उन्हाने लालसर झालेलं. तू हसतेयस. आई म्हणाली, "हिला ऊन लागत असेल गं तिथे. डागावर काही लावते की नाही?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या डागावर रोज काय लावतेस, हे मी तुला एकदाही विचारलं नाही. विचारून ठेवते: काय लावतेस?

ताई


९ जून

मासोळी,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. "ऊन लागू नये म्हणून मलम लावते, दर दोन तासांनी, कान सोडायचा नाही. माझा आत्ताचा एक फोटो सोबत आहे, रंगाला हात न लावता छापून आईला दे आणि तस्साच एक मला परत पाठव, मग बघू." माझं नाव नाही, तुझं नाव नाही. तरी मी ते पाकीट दिवसभर खिशात घेऊन फिरले.

आईला दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. तिने मलमाची ओळ पुन्हा वाचायला लावली.

फोटो छापायला बसले. खरं सांगू? हात आपोआप गेला. काही बदलायचं म्हणून नाही, आधी उजेड जरा सारखा करावा म्हटलं. मग दिसलं, पांढऱ्याच्या कडेला आणखी एक छोटा ठिपका आलाय, डोळ्याच्या कोपऱ्यापाशी. बोट त्याच्यावर जाऊन थांबलं. मला कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं, की मी काही करणार नव्हते. तरी मी उठले, लॅमिनेशनवाल्याला बोलावलं आणि म्हटलं, "हा तू छाप. मी बाहेर उभी राहते." तो म्हणाला, "काय झालं, मशीन बिघडलंय का?" मी म्हटलं, "हो, बिघडलंय."

सोबतचा त्याने छापलाय. मी फक्त पाकिटात घातला.

आता दुसरं. पहिल्या पत्रात मी आईच्या विसरण्याचं जरा वाढवून लिहिलं होतं. आता वाढवून लिहायची गरज राहिली नाही. गेल्या आठवड्यात दुपारी दार उघडं टाकून खाली गेली, कोपऱ्यावरच्या शिंप्याने आणून सोडली. ती त्याला सांगत होती, तिला कामावर जायला उशीर होतोय. कामावरून निवृत्त होऊन तिला सतरा वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, आता हे थांबायचं नाही. कुठलं आधी जाईल आणि कुठलं राहील, ते त्यांनाही सांगता येत नाही.

घाई करते असं समजू नकोस. पण घाई कर.

ताई


१७ ऑगस्ट

मासोळी,

तू येतेस हे कळलं, स्टुडिओच्या फोनवर निरोप मिळाला. माझ्याशी बोलली नाहीस, लॅमिनेशनवाल्याला सांगितलंस, तेही चालेल. तो मात्र भाव खातोय.

आईची तयारी सुरू आहे. तयारी म्हणजे काय, तुझा तो फोटो ती हातातून सोडत नाही. जेवताना ताटाशेजारी, झोपताना उशीखाली. कडा मऊ पडल्यात, मी दुसरा छापू म्हटलं तर नको म्हणाली. शेजारच्या नर्सला दाखवते, "ही माझी धाकटी, पोहायला शिकवते." नर्स म्हणाली, "डोक्याला काय झालं हो?" तर आई म्हणते, "केस गेले. कातडीचा रंग पण जातोय हळूहळू. तिला त्याचं काही नाही, तुम्हाला का?" नर्सने बिचारीने लगेच विषय बदलला. मला आईचा पापा घ्यावासा वाटला.

मग मी एक वेडेपणा केला. कपाटातली केसवाली जुनी फ्रेम काढून विचारलं, "आणि ही कोण?" तिने नीट बघितलं. म्हणाली, "तुझ्या दुकानातली कुणी गिऱ्हाईक असेल."

गावाचं नाव आठवत नाही तिला, वर्ष सांगता येत नाही, बाबा गेलेत हे मध्येच विसरते आणि त्यांची वाट बघते. पण तुझा पांढरा डाग कुठून कुठपर्यंत, हे ती डोळे मिटून स्वतःच्या गालावर बोटाने दाखवते. तू फक्त वेळेत ये.

मी तेव्हा घरात नको असेन तर सांग, स्टुडिओत थांबेन. राग मानणार नाही. म्हणजे मानेन, पण थांबेन.

ताई


३ ऑक्टोबर

मासोळी,

बारा दिवसांनी विचारतेय, नीट पोचलीस ना?

तू तीन दिवस राहिलीस. माझ्याशी मोजकं बोललीस, "मीठ दे", "टॉवेल कुठे", एवढंच. तक्रार नाही. त्यातलं प्रत्येक वाक्य मी तू गेल्यावर पुन्हा पुन्हा आठवलं, त्यात मीठ दे सुद्धा आलं.

तू दारात आलीस तेव्हा मी आईच्या मागे उभी होते, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. तुझा दिसला. ती म्हणाली, "मासोळी, किती उशीर केलास," आणि तू बॅग तशीच खाली सोडलीस. पुढचं तुला माहीत आहे. तू जमिनीवर बसून तिच्या मांडीवर डोकं ठेवलंस आणि तिने हात फिरवला, आधी सगळ्या डोक्यावरून, मग एका बोटाने पांढऱ्याच्या कडेकडेने, कानामागून मानेपर्यंत आणि परत वर. "इथे मलम लावलंस का?" म्हणाली. तू हो म्हणालीस. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, म्हणजे तुम्हाला ऐकू येऊ नये. तू ऐकलंसच असशील.

तू जाताना दारात थांबून मला म्हणालीस, "तुझा नंबर चालू केलाय." बस, तेवढंच. मी तुझी बॅग उचलून जिन्यापर्यंत आणली, बोलले असते तर रडले असते आणि तुला रडणारी माणसं आवडत नाहीत.

आता नंबर चालू आहे, तरी पत्र लिहितेय. हे फोनवर मला बोलता येणार नाही.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईला सकाळचा चहा घेऊन गेले. ती तुझा फोटो हातात धरून बसली होती. मी कप ठेवला, तिच्या पाठीमागची उशी सरळ केली. ती माझ्याकडे बघून फार गोड हसली. म्हणाली, "तुम्ही फार करता हो माझं. तुमचं नाव काय?"

मला वाटलं थट्टा करतेय. मी म्हटलं, "आई, मी आहे." तर ती जरा संकोचली, परक्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून आपण संकोचतो ना, तशी. म्हणाली, "माझी मुलगी लांब असते. परवाच येऊन गेली. एकच आहे मला." आणि तुझा फोटो माझ्यापुढे धरला.

मी घरभर शोधलं. माझा एकही फोटो नाही गं. पंचवीस वर्षं कॅमेऱ्याच्या मागे मीच उभी. जो आहे तो बाबांच्या मांडीवरचा, त्यात मी दोन वर्षांची आहे. काल स्टुडिओत पडदा लावून स्वतःचा काढला, लॅमिनेशनवाल्याला म्हटलं, काही करू नकोस, जसा आहे तसा छाप. डोळ्यांखाली काळं, कपाळावर आठ्या, सगळं. आईपुढे ठेवला. तिने सभ्यपणे बघितला आणि परत दिला.

डॉक्टर म्हणतात, कधी कधी परत आठवतं. अकरा दिवस झाले. ती मला बाई म्हणते. कपडे बदलताना लाजते, म्हणून मी नर्सला बोलावते. तिने तुला ओळखलं याचा मला आनंद आहे, अगदी मनापासून आहे, तो वेगळा. आणि हे वेगळं. हे असं होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. माझाही आईवर काही हक्क आहे ना गं? मीही तिचीच आहे.

मी तुला एकच मागते, आणि मागायचा मला अधिकार नाही हे माहीत आहे. पुढच्या रजेला आलीस की तिच्याजवळ बस, माझा हात धर आणि तिला सांग, की ही माझी ताई आहे. तुझं ती खरं मानेल.

ताई